पोर्ट नंबर नसलेली नोटीस

इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीत तक्रारींसाठी एक वेगळा मेलबॉक्स असतो. स्पॅम, हॅकिंगचे प्रयत्न, बँकेच्या नावाने काढलेल्या खोट्या साइट, कॉपीराइट, सगळं तिथे येऊन पडतं. ते पाहणाऱ्या विभागाला अब्यूज डेस्क म्हणतात. मी नेटवर्कच्या कामावरून या डेस्कवर आले आणि काही वर्षं तिथेच राहिले. बेकायदा फाइल शेअरिंगवर कारवाई होते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या खुर्चीतून दिसलं. बातमीत 'साइट बंद केल्या', 'नोटिसा गेल्या' एवढंच येतं. पण तक्रार येते आणि नोटीस जाते, त्याच्या मध्ये कुणीतरी लॉग, म्हणजे कोणतं कनेक्शन कधी कोणत्या पत्त्यावर होतं याची नोंदवही, उघडून एक ओळ शोधत बसलेलं असतं. ते काम माझं होतं.

या नोटिसा बहुतेक वेळा माणूस लिहीत नाही. स्टुडिओंनी आणि संगीत कंपन्यांनी नेमलेल्या एजन्सींचे प्रोग्रॅम टॉरेंटच्या, म्हणजे लोक आपसांत फाइली वाटून घेतात त्या, गर्दीत स्वतः शिरतात, तिथे कोण कोण आहे याची यादी उतरवून घेतात आणि त्या त्या इंटरनेट कंपनीला आपोआप मेल धाडतात. टॉरेंटमध्ये फाइल एका जागी ठेवलेली नसते. जो उतरवून घेतो तो त्याच वेळी हाती आलेले तुकडे दुसऱ्यांना देतही असतो. त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो नुसता पाहणारा राहत नाही, वाटणाराही ठरतो. आणि देवाणघेवाण करायची म्हटली की आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपल्या कनेक्शनला मिळालेला क्रमांक, समोरच्याला दिसणारच. एजन्सींचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

नोटिशीचा साचा ठरलेला असतो. कामाचं नाव, फाइलचं नाव, तिचा आकार, चाळीस अक्षरांचा हॅश (फाइलच्या बोटांच्या ठशासारखी खूण), आयपी पत्ता आणि वेळ. वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. १९:४२:०७ असं लिहिलेलं असलं की ते आधी आपल्या वेळेत आणायचं. अनेकदा तोवर आपल्याकडे तारीख उलटलेली असते. नव्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच शिकवायचे की आधी तारीख बघ, मग तास बघ. कारण घरगुती कनेक्शनचा पत्ता कायमचा नसतो. काल रात्री जो पत्ता एका घराकडे होता तो आज सकाळी दुसऱ्याच घराकडे गेलेला असू शकतो. तारीख चुकली तर ज्याने काहीच केलेलं नाही त्याच्या दारात नोटीस जाऊन पडते.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. खरी अडचण पुढे आहे.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे आयपीव्ही-४, जगभरात कधीच संपत आले. म्हणून कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना मिळून देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक गठ्ठाच राखून ठेवला गेला. बाहेरून पाहणाऱ्याला एकच पत्ता दिसतो. आतलं घर ओळखायचं तर पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्याला जोडलेला प्रत्येक जोडणीचा उपक्रमांक, लागतो. एका पत्त्यावर पोर्ट असतात ६५,५३६. आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाला १,०२४ पोर्टांचा पट्टा दिला जायचा. सुरुवातीचे राखीव पोर्ट सोडले तर एका पत्त्यामागे त्रेसष्ट घरं बसतात. मोठ्या चाळीचा पत्ता लिहून खोली नंबर न लिहिलेल्या पाकिटासारखं आहे हे. पोस्टमन चाळीपर्यंत येईल, पुढे काय करील?

आणि आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी नोटिसांमध्ये पोर्ट नंबर नसायचा.

सर्व्हर चालवणाऱ्यांनी पत्ता आणि वेळेबरोबर समोरच्याचा पोर्टही नोंदवून ठेवावा, अशी तांत्रिक शिफारस २०११ पासून लेखी आहे. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला आरएफसी ६३०२ असा तिचा क्रमांक. मी ती छापून टेबलासमोर चिकटवून ठेवली होती. तरीही नोटिसा पोर्टशिवाय येत राहिल्या. काहींत वेळही मिनिटापर्यंतच, सेकंद नाहीतच.

अशीच एक नोटीस एकदा वरून माझ्याकडे परत आली. मोठ्या स्टुडिओची होती आणि सोबत त्यांच्या वकिलांचं स्मरणपत्र होतं. मी 'ग्राहक निश्चित करता येत नाही' असा शेरा मारून ती बंद केली होती. आमचे साहेब म्हणाले, "त्या वेळी त्या पत्त्यावर जेवढे होते तेवढ्यांना सरसकट पाठवून टाका ना. ज्याने केलं असेल तो समजेल."

मी म्हटलं, "सर, एकाने केलं असेल तर बाकीच्या बासष्ट घरांना आपण चोर म्हणतोय."

"नुसती सूचना आहे हो ती."

पण ती नुसती सूचना नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नोटीस ग्राहकाच्या खात्यावर नोंदली जायची आणि तिसरी पडली की कनेक्शन थांबवण्याच्या यादीत त्याचं नाव आपोआप चढायचं. ती यादी मी स्क्रीनवर उघडून दाखवली. एकाच पत्त्यामागच्या घरांवर अशा तीन सरसकट नोटिसा पडल्या तर सगळी चाळ एका रात्रीत अंधारात जाईल हे दिसल्यावर साहेब गप्प झाले. मग त्यांनीच कायदा विभागाला फोन लावला. ठरलं ते असं की पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल तर ग्राहकाला काहीही जाणार नाही. तक्रार करणाऱ्याला उत्तर जाईल की हे दोन तपशील पाठवा.

साहेबांची बाजूही मला समजत होती. कंपनीवर टांगती तलवार असतेच. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने इंटरनेट कंपन्यांना संरक्षण दिलं, पण वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची कनेक्शनं बंद करण्याचं धोरण ठेवलं आणि पाळलं तरच. कॉक्स या इंटरनेट कंपनीने ते नीट पाळलं नाही असा दावा संगीत कंपन्यांनी लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ज्यूरीने तिला एक अब्ज डॉलर भरायला सांगितलं. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण एक अब्जाचा आकडा एकदा ऐकला की कुठल्याही देशातला कंपनीचा वकील सगळ्यांना नोटिसा पाठवून मोकळं व्हायला बघणार. ग्राहक दुखावला तर एक ग्राहक जातो, स्टुडिओ दुखावला तर कंपनी जाईल, असा तो हिशेब.

यात भर म्हणजे एजन्सींचे प्रोग्रॅम चुकतात. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. टॉरेंटच्या यादीत, म्हणजे ट्रॅकरवर, दुसऱ्याच यंत्राचा पत्ता नोंदवता येतो हे त्यांनी वापरलं आणि विद्यापीठातल्या प्रिंटरांचे पत्ते तिथे नोंदवले. त्या प्रिंटरांच्या नावाने कॉपीराइटच्या नोटिसा आल्या. प्रिंटर सिनेमा उतरवत नाही. एजन्सीने यादीतला पत्ता उचलला होता. त्या पत्त्याशी जोडणी करून खरंच तुकडा मिळतो का, हे पाहिलं नव्हतं. पुढे तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक एजन्सीला मी एकच प्रश्न विचारायचे: तुम्ही जोडणी केली होती का, की नुसतं नाव वाचलं? बऱ्याच जणांकडून उत्तर येत नसे.

सगळे तपशील बरोबर असले, घर अचूक सापडलं, तरी घर म्हणजे माणूस नव्हे. हे मला एका काकूंमुळे नीट समजलं. त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर शिकणारी मुलं भाड्याने राहायची. कनेक्शन काकूंच्या नावावर, राउटर जिन्यात, आणि पासवर्ड राउटरच्याच पाठीवर चिकटवलेला. त्यांच्या खात्यावर दोन नोटिसा होत्या आणि दोन्ही अगदी पक्क्या होत्या, पोर्टासकट. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. "मॅडम, कोर्टाचं पत्र आलंय का हो हे? मी तर पेन्शनचं बघण्यापुरतंच नेट वापरते."

कोर्टाचं पत्र नव्हतं ते. पण आमच्या मेलची भाषाच तशी होती. वरती कायद्याची कलमं, मधे दंडाची धमकी आणि आता काय करायचं ते सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. मी काकूंना फोनवरच राउटरच्या पानावर नेलं. पासवर्ड बदलून घेतला, मुलांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करून दिलं, बटण दाबून जोडणी होणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. राउटरला किती यंत्रं जोडली आहेत ते वाचायला सांगितलं. काकू एकेक नाव वाचत गेल्या. त्यातली निम्मी कुणाची, त्यांना माहीतच नव्हतं. वरची मुलं दरवर्षी बदलायची, पासवर्ड तोच राहायचा. मागच्या वर्षीचा मुलगा रस्त्यावर उभा राहून अजून त्यांचं नेट वापरू शकला असता.

अशा वेळी कायदा काय करतो? फ्रान्सने यातून वेगळीच वाट काढली. तिथे २००९ मध्ये आदोपी नावाची यंत्रणा उभी राहिली. पहिल्या इशाऱ्याचा मेल, दुसऱ्या इशाऱ्याचं रजिस्टर पत्र आणि तिसऱ्यांदा सापडलात तर कनेक्शन बंद. मूळ कायद्यात हे बंद करण्याचा अधिकार त्या यंत्रणेलाच दिला होता. १० जून २००९ रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने तो काढून घेतला. इंटरनेट वापरता येणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते तोडायचं तर न्यायाधीशानेच तोडावं, असं परिषदेने स्पष्ट म्हटलं. मग कायदा दुरुस्त झाला, गुन्ह्याचं स्वरूपही वेगळं ठरलं: फाइल कुणी उतरवली हे सिद्ध करायची गरज नाही, आपलं कनेक्शन सुरक्षित ठेवण्यात ग्राहकाने ढोबळ हलगर्जी केली, एवढं पुरे. काकूंना या नियमाने सरळ पकडता आलं असतं. मला हे पटत नाही. पासवर्ड राउटरवर चिकटवणं ही चूक असेल, पण ती चोरी नव्हे, आणि ती कंपनीनेच कारखान्यातून तशी पाठवलेली असते. कनेक्शन तोडायची शिक्षा फ्रान्सने जुलै २०१३ मध्ये सोडून दिली, दंड राहिला. अमेरिकेतल्या कंपन्यांनी आपसांत चालवलेली सहा इशाऱ्यांची पद्धत फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये गुंडाळली गेली.

काकूंचं कनेक्शन मी थांबू दिलं नाही. राउटर दुरुस्त केल्याची नोंद घेऊन आधीच्या दोन्ही नोटिसा खात्यावरून उतरवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पुढे हा सगळ्यांसाठीच नियम झाला. मेलची भाषाही आम्ही बदलली. पहिल्याच ओळीत: हे कोर्टाचं पत्र नाही. दुसऱ्या ओळीत: राउटर असा तपासा. आणि खाली, कुणाशी बोलायचं त्याचा नंबर.

यावरून कुणाला वाटेल की मला कॉपी करणाऱ्यांचा कळवळा आहे. तसं नाही. एकदा त्या मेलबॉक्समध्ये एका बाईंचं पत्र आलं. प्रोग्रॅमने धाडलेलं नव्हे, स्वतः बसून लिहिलेलं. त्यांनी पदरचे पैसे घालून एक माहितीपट केला होता. महोत्सवात दाखवण्यासाठी दिलेली प्रत कुठून तरी बाहेर पडली आणि टॉरेंटवर आली. त्यांनी स्वतःच टॉरेंटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फाइल कोण कोण देतंय त्याची यादी उघडली आणि स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. त्यात आयपी पत्ता होता, पुढे विसर्गचिन्ह आणि पोर्ट नंबर होता, आणि कोपऱ्यात घड्याळ सेकंदांसह चालू होतं. महागड्या एजन्सींना जे जमत नव्हतं ते या बाईंनी एका फोटोत दिलं होतं. खाली लिहिलं होतं की शिक्षा कुणालाच नको, फक्त माझा माहितीपट विकत घेऊ पाहणाऱ्या वाहिनीने मागे हटू नये म्हणून ही फाइल बंद व्हावी. आम्ही तो ग्राहक लगेच शोधला. फोन केला तेव्हा त्याला ठाऊकच नव्हतं की फाइल बघून झाल्यावरही त्याचा कॉम्प्युटर ती वाटत बसला आहे. त्याने ती काढून टाकली. दिवस संपायच्या आत मी त्या बाईंना उत्तर लिहिलं. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

नोटिशींपेक्षा मोठी जबाबदारी असते ती साइट अडवण्याच्या आदेशांची. हे आदेश न्यायालयाकडून किंवा सरकारी विभागाकडून येतात आणि त्यांना मुदत असते. अडवायचं तीन प्रकारे. नावाचं पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएसमध्ये ते नाव गाळायचं, आयपी पत्ताच अडवायचा, किंवा जोडणी सुरू होताना साइटचं जे नाव उघडं जातं ते वाचून ती तोडायची. डीएनएसचा अडथळा सोपा, पण ग्राहकाने दुसऱ्याचा डीएनएस लावला की संपला. आयपी अडवणं पक्कं वाटतं, पण एका पत्त्यावर आज शेकडो, हजारो साइट नांदत असतात. माझ्या काळात असाच एक पत्ता आदेशाप्रमाणे अडवला गेला आणि त्याच्यासोबत एका शाळेचं प्रवेश अर्जाचं पान गेलं. अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती. पालकांचे फोन ग्राहक सेवेला येत होते आणि तिथे कुणालाच कारण माहीत नव्हतं. आमच्या डेस्कपर्यंत ती तक्रार यायला संध्याकाळ झाली. मी नावाने अडवायचा नियम लावून पत्ता मोकळा केला आणि तसं आदेश देणाऱ्या विभागाला लेखी कळवलं.

असं मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. भारतात २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सिनेमांची चोरी रोखण्यासाठी अनोळखी प्रतिवादींविरुद्ध आदेश दिले आणि काही कंपन्यांनी त्यांच्या आधारे व्हिमिओ, डेलीमोशन अशा अख्ख्या साइट बंद केल्या. त्या वर्षी जूनमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की आदेश ठरावीक दुव्यांपुरता आहे, संपूर्ण साइटचा नाही. इटलीने फेब्रुवारी २०२४ मध्ये पायरसी शील्ड नावाची साइट अडवण्याची यंत्रणा सुरू केली. मुख्यतः फुटबॉलच्या थेट सामन्यांसाठी. तक्रार नोंदली की तीस मिनिटांत सगळ्या कंपन्यांनी अडवायचं. १९ ऑक्टोबर २०२४ ला त्या यादीत गुगल ड्राइव्हचं एक डोमेन शिरलं आणि इटलीतल्या लोकांना स्वतःच्याच फाइली उतरवता येईनात. तीस मिनिटांत माणूस काय तपासणार? थेट सामना संपायच्या आत अडवायला हवा ही निकड खरी आहे, पण यादीत नाव घालणारा आणि ते तपासणारा एकच असेल तर हे पुन्हा होणार.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये 'डायनॅमिक' मनाईहुकूम दिला. एक साइट अडवली की तीच मंडळी नाव बदलून दुसऱ्या दिवशी हजर होतात, त्यामुळे नव्या नावासाठी नवा दावा लावायची गरज राहू नये हा हेतू. हे मला योग्य वाटतं. जाहिरातींवर आणि जुगाराच्या दुव्यांवर पैसे कमावणाऱ्या या साइट म्हणजे धंदा आहे, आणि मारायचं तर धंद्यावर मारावं. पण नवं नाव खरोखर त्याच साइटचं आहे हे कुणीतरी डोळ्यांनी पाहायला हवं. आमच्याकडे यादी आली की मी प्रत्येक नाव उघडून बघायचे. कधी त्यातलं एखादं डोमेन सोडून दिलेलं असायचं आणि नव्या मालकाने तिथे भलतंच, निरुपद्रवी काहीतरी सुरू केलेलं असायचं.

यावरून सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली गोष्ट माझ्या लक्षात आली. अडवण्याचा आदेश येतो, मोकळं करण्याचा येत नाही. आमच्या यादीत अशी नावं होती की ज्यांच्या साइट मरून काळ लोटला होता, आणि पत्ते दुसऱ्यांकडे गेले होते. त्या नव्या माणसाला आपली साइट या देशात काही घरांत का दिसत नाही हे कळायला मार्गच नव्हता. आम्ही यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने वाढवले: आदेशाचा क्रमांक, लावल्याची तारीख आणि पुन्हा तपासायची तारीख. ती तारीख आली की नाव उघडायचं, जुनी साइट नसेल तर आदेश देणाऱ्याला पत्र लिहून परवानगी मागायची. पहिल्या फेरीत पाठवलेल्या पत्रांना उत्तरं यायला खूप वेळ लागला, काहींना आलीच नाहीत. पण आली त्यातल्या बहुतेकांत 'मोकळं करा' असंच होतं. मी डेस्क सोडला तेव्हा पुन्हा तपासायच्या तारखांचं काम माझ्यानंतरच्या मुलीच्या हाती दिलं, आणि पोर्ट नंबर न देणाऱ्या एजन्सींना पाठवायच्या उत्तराचा मसुदाही.